फायरवॉलची वही वाचता आली पाहिजे



अमरावती आणि अकोल्याच्या कापड बाजारात आज हाताने बिल फाडणारे घाऊक दुकान विरळाच. टॅली आले, जीएसटी आला, ई-वे बिल आले, कॅमेरे आले आणि त्यांच्या पाठोपाठ फायरवॉल नावाचा एक डबाही आला. तो कोणी बसवला आणि किती रुपयांना बसवला हे मालकाला ठाऊक असते. तो दिवसभर काय लिहीत असतो हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्या दिवशी पाहतो, त्या दिवशी घाबरतो. आम्हीही घाबरलो होतो, आणि घाबरून एका निरपराध मुलाची रोजी तोडण्यापर्यंत आमची मजल गेली होती. ती हकीकत आमच्या फायद्याची नाही, तरी सांगणे जरूर वाटते.

आधी हा डबा काय लिहितो ते समजून घेऊ. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना जकात नाका आठवत असेल. (ही म्युनिसिपालिटीची जकात, दीनमधली नव्हे.) जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटीही गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, पण नाक्यावरचा तो रजिस्टर घेऊन बसलेला कारकून अजून डोळ्यांपुढे आहे. सुरतेहून, भिवंडीहून, मालेगावहून ट्रक आला की तो लिहायचा : वेळ काय, गाडी कुठून आली, कोणाकडे चालली, माल कोणता, सोडली की अडवली. फायरवॉलची वही म्हणजे हुबेहूब हाच रजिस्टर. इंटरनेटवरून दुकानात येणारी आणि दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक हालचाल ती एकेका ओळीत लिहिते. वेळ, निघणाऱ्याचा पत्ता, पोहोचणाऱ्याचा पत्ता, दरवाजाचा क्रमांक, आणि शेवटी ‘अलाऊ’ म्हणजे सोडले किंवा ‘डिनाय’ म्हणजे अडवले.

पत्ते आकड्यांत असतात. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा पत्ता बहुधा आपल्याच दुकानातल्या यंत्राचा असतो, बाकीचे बाहेरचे. दरवाजांचे क्रमांक ठरलेले असतात, जसे बाजारात हमालांचा ओटा वेगळा आणि गिऱ्हाइकांचा वेगळा. ४४३ हा वेबसाइटचा नेहमीचा दरवाजा. बँक असो की जीएसटीचे पोर्टल, काम त्यातूनच चालते. ५३ हा नाव सांगून पत्ता विचारण्याचा. १२३ हा घड्याळ जुळवण्याचा. टॅली स्वतःसाठी बहुधा ९००० वापरते. एवढे पाठ झाले तरी निम्मी वही ओळखीची वाटू लागते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, व्यवहार मराठीत, आणि ही वही इंग्रजीत. तरी दोन आठवड्यांत जमले. आकडे सगळीकडे सारखेच असतात.

आम्ही हा डबा २०२१ च्या सुरुवातीला घेतला. शेजारच्या एका व्यापाऱ्याच्या टॅलीचा सगळा डेटा कोणीतरी कुलूपबंद करून टाकला आणि सोडवण्यासाठी पैसे मागितले. त्या भल्या माणसाची तीन वर्षांची खतावणी गेली. कोणाकडे किती उधारी आहे हे गिऱ्हाइकांनाच विचारत फिरायची पाळी त्याच्यावर आली. ते पाहून बाजारातल्या चार-पाच जणांनी डबे बसवून घेतले. बसवणारा आला, तारा जोडल्या, पैसे घेतले आणि “आता बेफिकीर राहा” म्हणून गेला. रोज सकाळी मेलवर अहवाल येईल, एवढे तेवढे सांगितले.

पहिल्याच अहवालाने आमची झोप उडवली. एका दिवसात चार हजारांवर ओळी ‘डिनाय’, सगळ्या लाल अक्षरांत. पत्ते कुठले, तर रशिया, चीन, हॉलंड, अमेरिका. इतक्या मुलखांतले लोक अमरावतीच्या एका कापडवाल्याच्या मागे का लागावेत?

पुढे कळले की ते आमच्या मागे नाहीतच. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी असा प्रोग्रॅम तयार केला की वेगवान जोडणी असलेला एकच संगणक या सगळ्या पत्त्यांचा एखादा दरवाजा पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. आज असे ठोठावणारे असंख्य आहेत. काही अभ्यासक, काही सुरक्षेच्या कंपन्या, आणि बरेचसे चोर. रात्री बाजारातून चालत जाताना प्रत्येक शटर हलवून पाहणारा माणूस असतो, तसे. आपले शटर त्याने हलवले यात आपली काही खास ओळख नाही. कुलूप लागलेले होते, तो पुढे गेला, वहीत एक लाल ओळ पडली. ज्या दुकानाची जोडणी चालू आहे त्या प्रत्येक दुकानात अशा ओळी पडतात. त्या मोजून घाबरण्यात वेळ घालवू नये.

परदेशी पत्त्याचेही तसेच. आशिया-पॅसिफिकचे पत्ते ॲपनिक नावाची संस्था वाटते, तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे; भारतात हे काम निक्सी या संस्थेखाली चालते. कोणता पत्ता कोणाच्या नावावर आहे हे त्यांच्या यादीत कोणालाही फुकट पाहता येते. पण यादीत मालकाचे नाव असते, भाडेकरूचे नसते. मोठ्या कंपन्या आपले संगणक तासावर भाड्याने देतात. आपल्या बिलांच्या प्रोग्रॅमचा सर्व्हर सिंगापुरात असू शकतो आणि चोराचा मुंबईत. देशाचे नाव वाचून चोर ठरवला की दोन्हीकडून फसगत होते.

हे सगळे आम्हाला नंतर कळले. २०२२ च्या रमजानमध्ये, एप्रिल महिन्यात, आम्ही अजून लाल अक्षरांनाच घाबरत होतो.

तेव्हा आमच्या अमरावतीच्या दुकानात दर्यापूरकडचा एक मुलगा नव्याने लागला होता. बी.कॉम. झालेला, बोलायला कमी, कामाला चोख. आम्ही तरावीहला निघालो की तो दिवसभराची बिले टॅलीत चढवीत एकटाच दुकानात बसायचा, साडेदहापर्यंत. अकोल्याची शाखा आमचे धाकटे भाऊ सांभाळतात. अहवालाची एक प्रत त्यांनाही जायची. एक दिवस त्यांचा फोन आला, “भाईजान, दुकानातून रोज रात्री कोणीतरी माल बाहेर पाठवतोय. कपडा नाही, डेटा.”

आम्ही अहवाल काढून बसलो. खरेच होते. दुकानातला एक पत्ता, शेवटचा आकडा ४७, दिवसरात्र दर मिनिटाला परदेशातल्या एका पत्त्याशी बोलत होता. आणि रोज रात्री दहाच्या ठोक्याला, पंधरा-वीस मिनिटे, तो ढिगाने डेटा बाहेर पाठवत होता. रात्री दहाला दुकानात कोण? तो मुलगा. नवा आहे, गप्प असतो, संगणक जाणतो, आणि एकटा असतो. भावांनी विचारले, आणखी कोणता पुरावा पाहिजे? आमच्याकडे उत्तर नव्हते. ईद तीन-चार दिवसांवर होती. ईदीसकट हिशेब चुकता करून त्याला मोकळे करायचे, असे आम्ही दोघांनी फोनवरच ठरवून टाकले. पोलिसांत जावे काय, इथपर्यंत बोलणे झाले.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवले. आम्ही आरोप करण्याऐवजी अहवालाचा कागदच त्याच्यापुढे ठेवला, हा आमचा शहाणपणा नव्हता. तोंडातून शब्द निघेना म्हणून कागद ठेवला. त्याने तो शांतपणे वाचला, मग डब्याच्या पडद्यावर चालू ओळी काढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. म्हणाला, “सेठ, ह्या मशिनीचं घड्याळ आपलं नाही.”

घड्याळात अकरा वाजले होते. वहीत ताजी ओळ पडत होती ती साडेपाचची. बसवणाऱ्याने डबा जागतिक वेळेवरच ठेवला होता आणि ती वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. वहीतले रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. त्या वेळी दुकानाला बाहेरून कुलूप, आणि हा मुलगा आपल्या खोलीवर झोपलेला.

मग पहाटे साडेतीनला कोण? त्याने एक शाळकरी वही घेतली आणि दुकानातली एकेक वस्तू बंद करून पाहायला सुरुवात केली. बिलाचा संगणक बंद केला, ४७ ची ओळ चालूच. प्रिंटर बंद केला, चालूच. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची वायर काढली आणि ओळ थांबली. तो रेकॉर्डर परदेशी बनावटीचा आहे. मालकाला मोबाइलवर चित्र पाहता यावे म्हणून तो आपल्या कंपनीच्या सर्व्हरला दर मिनिटाला हजेरी देतो. आणि चित्र कोणी पाहायला लागले की ढिगाने डेटा जातो, कारण चित्र जड असते. पहाटे साडेतीनला चित्र कोण पाहत होते? आमचे धाकटे भाऊ. सेहरीला उठले की चहा होईपर्यंत अकोल्यात बसून अमरावतीचे गोदाम मोबाइलवर पाहण्याची त्यांना सवय. ज्या डेटाची चोरी त्यांनी पकडली होती, तो त्यांच्याच हातातल्या फोनमध्ये जात होता.

भाऊ हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. ते ईदच्या आदल्या दिवशी अमरावतीला आले आणि त्या मुलाशी बोलून गेले. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

आम्हाला मात्र आजही चुटपुट आहे. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची आणि खबर आली की आधी तहकीक करण्याची ताकीद आहे, हे आपण बयानात किती वेळा ऐकलेले असते. नवा आहे, कमी बोलतो, आपल्यातला वाटत नाही, एवढ्यावरून बाहेर कोणी आपल्यावर शक घेतला की आपल्याला किती लागते, हेही आपण जाणतो. आणि आपल्याच गादीवर बसून आपण तेच केले. वहीतली ओळ पत्ता सांगते, यंत्र सांगते, वेळही सांगते, तीही घड्याळ बरोबर असेल तर. माणसाचे नाव तीत कुठेच नसते. ते आपण आपल्या मनाने जोडतो.

घड्याळाची ही गोष्ट लहान समजू नका. डबा, संगणक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, तिघांची घड्याळे तीन वेळा दाखवत असतील तर कोणतीही तहकीक होऊ शकत नाही. फायरवॉल बसवली की पहिले काम तिचे घड्याळ भारतीय वेळेवर आणणे, किंवा निदान ती कोणत्या वेळेवर चालते ते डब्यावर चिठ्ठी लावून लिहिणे.

दुसरे काम त्या मुलाने आमच्याकडून करून घेतले. त्याने त्या शाळकरी वहीत दुकानाचा खानेसुमारीचा तक्ता लिहिला. आम्ही समजत होतो की इंटरनेटला जोडलेल्या वस्तू चार, निघाल्या चौदा. तीन संगणक, दोन प्रिंटर, रेकॉर्डर, वायफायचे दोन डबे, नोकरांचे आणि आमचे मिळून पाच फोन, आणि भिंतीवरचा टीव्ही, जो क्रिकेटसाठी घेतला होता. प्रत्येकापुढे त्याचा पत्ता, आणि तो रोज कोणाशी बोलतो ते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक क्रमांक मिळालेला असतो, त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते. फोनचे मात्र हे नेहमी जुळत नाही. २०१९ पासूनचे अँड्रॉइड आणि २०२० पासूनचे आयफोन वायफायसाठी खोटा क्रमांक घेऊन फिरू शकतात. तो गुन्हा नाही, बाजारात कोणी पाळत ठेवू नये म्हणून केलेली सोय आहे.

हा तक्ता हाती आल्यावर वहीतल्या दहा अनोळखी ओळींपैकी आठ ओळखीच्या निघाल्या. २३९.२५५.२५५.२५० या विचित्र पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या दरवाजाला, रोज शेकडो हाका जात होत्या. तो बाहेरचा पत्ताच नाही. टीव्ही आणि संगणक ‘घरात आणखी कोण आहे?’ म्हणून घरातल्या घरात आवाज देत होते. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजावे, एखाद्या यंत्राला पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी धारण केला. बहुधा वायर सैल असते.

नेहमीचे काय हे माहीत असेल तरच वेगळे काय ते दिसते. आणि नेहमीचेही दिवसागणिक बदलते. जुमाच्या दुपारी वही ओस पडते. लग्नसराईत दुप्पट भरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. दुकान उघडता येत नव्हते, गिऱ्हाइकांचे पैसे अडकले होते, जीएसटीच्या तारखा चालून येत होत्या. इंटरनेट परत आले त्या तासात आमच्या डब्याने एवढ्या ओळी लिहिल्या की आम्हाला वाटले, हल्ला झाला. हल्ला नव्हता. इतके दिवस तोंड बंद असलेली सगळी यंत्रे एकदम बोलायला लागली होती. पण तेव्हा तक्ता नव्हता, म्हणून ते आम्हाला कळले नाही, आणि त्या दिवसांत भीती कशाचीही वाटत होती.

आता खरी धास्तीची गोष्ट. ती लाल अक्षरांत नव्हती.

अहवालात ‘अलाऊ’च्या ओळी हिरव्या अक्षरांत यायच्या. हिरवे म्हणजे ठीक, असे समजून आम्ही ते पान कधी उलटलेच नव्हते. त्या मुलाने ते उलटले. ३३८९ क्रमांकाचा दरवाजा बाहेरून आत उघडा होता. हा दुरून संगणक चालवण्याचा दरवाजा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये अकोल्याहून अमरावतीची टॅली चालवता यावी म्हणून कोणीतरी तो उघडून दिला होता. डबा बसवणाऱ्याने अकोल्याचे काम अडू नये म्हणून तो तसाच उघडा ठेवला. डब्याला हुकूमच होता की या दाराने येईल त्याला सोड. मग तो लाल शाई कशाला वापरील? त्या आठवड्यातल्या अकोल्याच्या ओळी बाजूला काढल्या, तरी सहाशेच्या वर ओळी उरल्या. अकोल्याच्या नव्हेत, आमच्या कोणाच्याच नव्हेत.

फायरवॉल एवढेच सांगते की माणूस ओट्यावर चढला. गल्ल्याला हात लागला की नाही हे संगणकाच्या स्वतःच्या वहीत पाहावे लागते. विंडोजमध्ये अशी वही असते. तीत ‘ॲडमिन’, ‘टॅली’, ‘अकाउंट्स’ अशी नावे घेऊन कोणीतरी पासवर्ड लावून पाहत होते आणि फसत होते. जेवढे दिवस वहीत शिल्लक होते, तेवढ्यात कोणी आत शिरल्याचे दिसले नाही. त्याआधीचे? आमच्या डब्यात जागा कमी, तो सात दिवसांनी जुने पुसून नवे लिहायचा. संगणकाची वहीही भरली की जुने पान फाडते. दोन वर्षे तो दरवाजा उघडा होता आणि आमच्या हातात हिशेब एका आठवड्याचा.

बंधूंनो, आमच्या टॅलीत केवळ आमचा पैसा नाही. मोर्शीच्या, अचलपूरच्या, मूर्तिजापूरच्या, बाळापूरच्या शेकडो लहान दुकानदारांची उधारी, त्यांचे पत्ते, फोन, बँकेचे तपशील तीत आहेत. ती अमानत आहे. सूरह बकरामधली सर्वांत लांब आयत उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, आणि आपल्या बुजुर्गांनी खतावणीच्या वह्या लोखंडी तिजोरीत ठेवल्या. त्याच वह्या आम्ही अशा खोलीत ठेवल्या होत्या, जिचा मागचा दरवाजा रस्त्यावर उघडत होता. तो दरवाजा त्याच दुपारी बंद केला. अकोल्यासाठी व्हीपीएन घेतले, सगळे पासवर्ड बदलले. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचाही बदलला, कारण तो कारखान्यातून आला तोच होता. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने असेच कारखान्यातले साठएक ठरीव पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच ताब्यातल्या यंत्रांच्या हल्ल्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या. मिराय बनवणारे तिघे कॉलेजच्या वयाचे अमेरिकन तरुण होते. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

मोठ्या घराण्यांतही दगा शांतपणेच झाला आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, अडीच कोटी भारतातून गेले, आणि सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. बँकेने सांगितले त्याप्रमाणे, चोरांनी बँकेच्या विचारणा-यंत्रणेच्या जागी आपले एक बनावट यंत्र उभे केले होते. एटीएम विचारायचे, पैसे देऊ का? आणि बँकेऐवजी ते बनावट यंत्र उत्तर द्यायचे, द्या. बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. दरवाजा फोडल्याचा आवाज नाही. चूक दिसली असती तर एका ठिकाणी, जिथे रोज बोलणे व्हायचे तिथे ते होत नव्हते. वहीत जी ओळ रोज असते आणि आज नाही, तीही वाचायची असते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले.

आणि हेही लक्षात ठेवा की डबा फक्त बाहेरच्या दाराशी बसतो. २७ जून २०१७ रोजी नोटपेट्या नावाच्या विषाणूने मेर्स्क कंपनीचे काम जगभर ठप्प केले आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातील तिचे टर्मिनलही अडकले. तो विषाणू एकदा कार्यालयात शिरला की एका संगणकातून दुसऱ्यात आतल्या आत पसरायचा. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कोण गेले, हे नाक्यावरच्या कारकुनाला दिसत नाही. टॅलीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क वायर काढून कपाटात ठेवणे, हा उपाय जुना आहे आणि स्वस्तही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या अशा वह्या १८० दिवस जपाव्यात, घड्याळे सरकारी घड्याळाशी जुळवावीत आणि ठरावीक प्रकारची घटना घडली की सहा तासांत कळवावे. लघु उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. गंमत अशी की ज्या आठवड्यात आम्ही घड्याळावरून एका मुलाला घालवायला निघालो होतो, त्याच आठवड्यात दिल्लीहून घड्याळ जुळवण्याचा हुकूम निघाला. सहा तासांची मुदत लहान व्यापाऱ्याला जाचक आहे असे आमचे मत आहे. ज्याला काय झाले तेच सहा दिवस कळत नाही तो सहा तासांत काय कळवणार? पण १८० दिवसांची गोष्ट आम्हाला पटते. आमच्याकडे त्या वह्या असत्या तर दोन वर्षांचे नाही तरी सहा महिन्यांचे उत्तर मिळाले असते. आता आम्ही वही वेगळ्या डिस्कवर उतरवतो. खर्च एका साध्या डिस्कचा आहे.

आता कोणी म्हणेल, कापड विकावे की या ओळी वाचत बसावे? रास्त प्रश्न आहे. आमचे म्हणणे असे की मालकाने रोज पाव तास द्यावा, जसा रोजमेळाला देतो. तोही सगळ्या ओळींना नाही. हिरव्या ओळी आधी, त्यांतही बाहेरून आत आलेल्या. मग आपल्या यंत्रांनी नव्या पत्त्याला केलेले बोलणे. लाल सगळ्यांत शेवटी. बाकीचे काम शिकलेल्या माणसाचे आहे, आणि तो माणूस एका दुकानाला परवडत नाही. पण बाजारात रात्रीचा गुरखा आपण कसा ठेवतो? पंधरा-वीस दुकाने मिळून. त्याच रीतीने जवाहर रोडच्या वीस दुकानांनी, नांदगाव पेठच्या सिटीलँड, बिझीलँडमधल्या एकेका रांगेने, अकोल्याच्या गांधी रोडवरच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक तरुण ठेवावा, जो आठवड्यातून एकदा प्रत्येकाची वही पाहील. आपल्या मोहल्ल्यांत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग करून मोबाइलच्या दुकानात कव्हर विकणारी मुले कमी नाहीत. व्यापारी संघटनांच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट दोनदा मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. एक अडचण खरी आहे, ती झाकत नाही. शेजारच्या दुकानदाराचा माणूस आपली वही पाहील तर आपण कोणाशी व्यवहार करतो ते त्याला कळेल, अशी भीती लोकांना वाटते. गुरख्याला आपण किल्ली देत नाही, आणि इथेही द्यायची नाही. वही दाखवायची, टॅली नाही. एवढे लिहून घेतले तरी पुरे.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे, अमरावतीचा सगळा हिशेब आता तोच पाहतो. शाळकरी वहीचा तक्ता दुसऱ्या वहीत गेला, कारण यंत्रे चौदाची एकोणीस झाली. प्रत्येक ओळीपुढे तो मराठीत लिहितो, ही कशाची. तिसऱ्या पानावर एका ओळीपुढे मात्र आमच्या हाताने उर्दूत ‘नामालूम’ लिहिलेले आहे. वायफायचा एक जुना डबा दर गुरुवारी रात्री एका पत्त्याला दोनदा हाक देतो आणि उत्तर आले नाही की गप्प बसतो. बनवणाऱ्या कंपनीला विचारले, उत्तर नाही. तो पत्ता सध्या अडवून ठेवला आहे आणि डबा बदलायचा आहे. तोवर दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे ती ओळ पाहतो.